लग्नाच्या व्हीसीडी, जुन्या एव्हीआय आणि थ्रीजीपी क्लिपा : आजच्या संगणकावर कशा पाहाव्यात आणि कशा जपाव्यात

कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमाशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या दोन-तीन व्हीसीडी अजूनही पुष्कळ घरांत सापडतात. त्यांवर मार्करने ‘लग्न भाग १’, ‘लग्न भाग २’ किंवा नुसतेच ‘मुंज’ असे लिहिलेले असते. त्यांच्या जोडीला जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या एव्हीआय फायली असतात आणि कॅमेरावाल्या पहिल्या फोनवरच्या टपाल तिकिटाएवढ्या थ्रीजीपी क्लिपा असतात. नव्या संगणकावर त्या उघडायला गेले की कधी आवाज येतो पण चित्र काळे राहते, कधी चित्र हलते पण आवाज नसतो, आणि कधी ‘ही फाइल चालवता येत नाही’ एवढाच संदेश दिसतो. तो संदेश वाचून फाइल खराब झाली असे समजणे आणि ती पुसून टाकणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण अशा फायली बहुधा धडधाकट असतात. त्यांची भाषा जाणणारा कोडेक, म्हणजे दाबून बसवलेले चित्र आणि आवाज उलगडणारा भाग, तेवढा नव्या संगणकात नसतो.

पुढे दिलेला क्रम मी मुद्दाम ठरवला आहे. आधी सीडीवरचे सारे हार्ड डिस्कवर उतरवावे, मग फाइलच्या आत काय आहे ते ओळखावे, मग ती चालवावी, आणि रूपांतर करायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी करावे. सीडी दर वर्षी अधिक जुनी होत असते, म्हणून उतरवून घेण्याचे काम तातडीचे आहे. रूपांतर मात्र पुढच्या वर्षी केले तरी काही बिघडत नाही.

सीडी उतरवून घेणे

आजच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, त्यामुळे यूएसबीने जोडता येणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागतो. तो सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडी तिन्ही वाचतो. तो थेट लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत लावावा. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबमधून लावल्यास वीज अपुरी पडते आणि ड्राइव्ह सीडी फिरवता फिरवता मध्येच थांबतो. सीडी पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवत पुसू नये, कारण गोल दिशेचा ओरखडा माहितीच्या मार्गाबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग वाचता येईनासा होतो. लेबलची बाजू अधिक नाजूक असते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. चमकणारा थर त्या बाजूला वार्निशच्या पातळ लेपाखालीच असतो, त्यामुळे तिथे चिकटवलेला जुना कागदी स्टिकर ओढून काढला तर थरच त्याच्याबरोबर निघून येतो. स्टिकर तसाच राहू द्यावा.

व्हीसीडी उघडल्यावर तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू०१’ अशा नावाची, डीएटी प्रकारची मोठी फाइल असते. काही सीडींवर एकापाठोपाठ एक अशा अनेक डीएटी फायली असतात. विंडोजमध्ये ही फाइल नेहमीसारखी कॉपी करून हार्ड डिस्कवर पेस्ट करता येते. तिचा आकार पाहून काहींना शंका येते, कारण ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीहून मोठी फाइल कशी मावली, असा प्रश्न पडतो. याचे कारण व्हीसीडीच्या रचनेत आहे. साधी माहिती साठवताना सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यात, २,०४८ बाइट ठेवतात आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती भरतात. व्हीसीडीत मात्र ती दुरुस्तीची जागाही चित्रासाठी वापरून २,३२४ बाइट ठेवलेले असतात, आणि विंडोज कॉपी करताना शीर्षकासह सेक्टरचे पूर्ण २,३५२ बाइट उतरवून घेते. म्हणूनच ८० मिनिटांच्या सीडीवरची फाइल सुमारे ८४६ एमबीपर्यंत जाऊ शकते. तेवढ्याच आकाराचा ओरखडा साध्या माहितीच्या सीडीवर निभावून जातो, पण व्हीसीडीवर चौकोनांचा सडा पडतो, त्याचेही कारण हेच.

लिनक्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ही फाइल साध्या कॉपीने उतरत नाही, कारण लिनक्सची नेहमीची वाचनपद्धत प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइटच अपेक्षिते आणि ‘इनपुट/आउटपुट एरर’ असा संदेश देऊन थांबते. अशा वेळी सीडी खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. ‘व्हीसीडीइमेजर’ या मुक्त संचातल्या ‘व्हीसीडीएक्सरिप’ या साधनाने ती व्यवस्थित उतरते.

ओरखडे असलेल्या सीडीच्या बाबतीत विंडोजची नेहमीची कॉपी एका न वाचल्या गेलेल्या तुकड्यावर अडते आणि आधी उतरलेली पन्नास मिनिटेही टाकून देते. अशा वेळी ‘अनस्टॉपेबल कॉपियर’ किंवा ‘आयसोबस्टर’ यांसारखा प्रोग्रॅम वापरावा. हे प्रोग्रॅम अडलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचून पाहतात आणि तरीही तो वाचला गेला नाही तर तो वगळून पुढे जातात. मंगलाष्टकांमधली चार सेकंदे गेली तरी बाकीचा समारंभ हाती लागतो. एका ड्राइव्हवर अडणारी सीडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर सहज वाचली जाते, असा अनुभव मला अनेकदा आला आहे; म्हणून सीडी गेली असे ठरवण्यापूर्वी शेजाऱ्यांचा किंवा कार्यालयातला जुना ड्राइव्ह जरूर वापरून पाहावा.

उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी चालवून पाहावी. सीडीवर नोंद आतून बाहेरच्या दिशेने होते, त्यामुळे हाताळणीने खराब झालेल्या कडेचा परिणाम बहुधा शेवटच्या भागात दिसतो.

लहान आकाराच्या, ८ सेंमी व्यासाच्या डीव्हीडीवर चित्रीकरण करणारे हँडीकॅमही काही काळ लोकप्रिय होते. त्यांतल्या डिस्कचे ‘फायनलाइझ’ केलेले नसेल, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून नोंद शेवटी बंद केलेली नसेल, तर संगणकाला ती कोरी वाटते. तो कॅमेरा चालू स्थितीत असेल तर त्यातच डिस्क घालून मेनूमधून ते काम पूर्ण करावे. ज्या ड्राइव्हमध्ये ट्रे नसतो आणि डिस्क खाचेतून आत ओढली जाते, त्यात ही लहान डिस्क कधीही घालू नये.

आत काय आहे ते ओळखणे

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’ या पर्यायाखाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला खूण करावी, म्हणजे प्रत्येक नावामागची एव्हीआय, डब्ल्यूएमव्ही, एमओव्ही ही अक्षरे दिसू लागतील. ही अक्षरे म्हणजे केवळ डब्यावरची चिठ्ठी आहे. डबा एव्हीआयचा असला तरी आतला पदार्थ, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून बसवण्याची पद्धत, दहा प्रकारची असू शकते. त्या पद्धतीलाच कोडेक म्हणतात. एकाच फोल्डरमधल्या दोन एव्हीआय फायलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, त्याचे कारण हेच असते.

आतला कोडेक पाहण्यासाठी ‘मीडियाइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्यात फाइल ओढून टाकली की चित्राचा कोडेक, लांबी-रुंदी, सेकंदाला किती चौकटी, आवाजाचा कोडेक आणि एकूण कालावधी हे सारे समोर येते. मिळालेली माहिती एका वहीत किंवा तक्त्यात नोंदवून ठेवावी.

याच टप्प्यावर व्हिडिओ नसलेल्या फायली वेगळ्या काढाव्यात, नाहीतर त्यांच्यामागे तासन्तास जातात. काहीशे बाइटची आरएएम किंवा एएसएक्स फाइल म्हणजे इंटरनेटवरच्या व्हिडिओचा नुसता पत्ता असतो. ‘विंडोज मूव्ही मेकर’ची एमएसडब्ल्यूएमएम फाइल म्हणजे संपादनाचा आराखडा असतो, त्यातली मूळ दृश्ये दुसऱ्या फोल्डरमध्ये असायला हवीत, आणि ती नसतील तर त्या आराखड्यातून काहीही परत मिळत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डवरची टीएचएम फाइल हे एक छोटे चित्र असते, आणि डीव्हीडीवरच्या आयएफओ व बीयूपी फायली मेनू आणि प्रकरणांची माहिती सांगतात. प्रत्यक्ष चित्र व्हीओबी फायलींत असते. डीव्हीडीचा ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर मात्र सगळाच्या सगळा उतरवावा, कारण व्हीओबी फायली साधारण एक जीबीच्या तुकड्यांत विभागलेल्या असतात आणि त्यांचा क्रम आयएफओ फायलींनाच ठाऊक असतो.

चालवण्यासाठी प्लेअर

यासाठी मी व्हीएलसीपासून सुरुवात करायला सांगेन. फ्रान्समधल्या एकोल सेंत्राल पारी या संस्थेत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा प्लेअर २००१ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. विंडोजमध्ये स्थापित केलेल्या कोडेकवर तो अवलंबून राहत नाही. आपले कोडेक तो स्वतःबरोबरच घेऊन येतो, आणि त्यांतले बरेचसे एफएफएमपेग या २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पातले असतात. या प्रकल्पात काम करणाऱ्यांनी कंपन्यांनी केव्हाच सोडून दिलेल्या कोडेकांचे वाचक नव्याने लिहून काढले आहेत, आणि घरोघरचे चित्रीकरण आज पाहता येते त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. व्हीएलसी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. तो पसंत नसेल तर ‘एमपीव्ही’ किंवा ‘एमपीसी-एचसी’ हे प्लेअरही उत्तम आहेत.

‘कोडेक पॅक’, म्हणजे अनेक कोडेकांचा एकत्र गठ्ठा, मात्र संगणकात घालू नये. एकेकाळी त्यांची गरज होती, पण आता ते एकमेकांशी भांडतात आणि चालणाऱ्या गोष्टीही बंद पाडतात. शिवाय ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवा’ असे सांगणाऱ्या खिडकीवर कधीही क्लिक करू नये. २००६ च्या सुमारास पसरलेला ‘झ्लॉब’ हा ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचे सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, याच वेषात लोकांच्या संगणकांत शिरत असे आणि ती युक्ती आजही वापरात आहे. विंडोजसाठीच्या क्विकटाइमलाही हाच नियम लावावा. ॲपलने २०१६ मध्ये त्याला सुरक्षा सुधारणा देणे थांबवले आहे, आणि जुन्या एमओव्ही फायली व्हीएलसीत त्याच्याविना चालतात.

उतरवलेली डीएटी फाइल व्हीएलसीच्या खिडकीत ओढून टाकली की ती सुरू होते. थेट सीडीवरून पाहायचे असल्यास ‘मीडिया’ मेनूतील ‘ओपन डिस्क’ निवडून ‘एसव्हीसीडी/व्हीसीडी’ला खूण करावी. एखाद्या प्लेअरने डीएटी नाकारली तर फाइलच्या प्रतीचे नाव बदलून शेवटी एमपीजी ही अक्षरे द्यावीत, कारण व्हीसीडीच्या आत १९९३ च्या मानकानुसार एमपेग-१ प्रकारचेच चित्र असते.

एव्हीआयच्या तऱ्हा

सर्वांत जास्त डोकेदुखी एव्हीआयची असते, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. मायक्रोसॉफ्टने हा डबा १९९२ मध्ये आणला, आणि पुढची वीस वर्षे ज्याला जे सुचले ते त्याने त्यात भरले. मीडियाइन्फोत ‘सिनेपॅक’ किंवा ‘इंडिओ’ असे दिसले तर ती फाइल बहुधा नव्वदीच्या दशकातली, एखाद्या शैक्षणिक सीडीवरची असते. इंडिओ हा इंटेलचा कोडेक. त्यातल्या सुरक्षा त्रुटींमुळे विंडोजने तो व्हिस्टापासून पुढे बंद ठेवला. शिवाय त्या काळचे कोडेक ३२ बिटांसाठी लिहिलेले असल्याने ६४ बिटांच्या प्लेअरला ते वापरताच येत नाहीत. व्हीएलसीत इंडिओचा स्वतंत्र वाचक असल्याने ही अडचण राहत नाही.

‘डिव्हएक्स’ आणि ‘एक्सव्हिड’ हे साधारण २००० ते २०१० या काळातले कोडेक आहेत आणि ते सहसा त्रास देत नाहीत. ‘मोशन जेपेग’ दिसले तर ती फाइल डिजिटल स्थिरचित्र कॅमेऱ्याची असते. त्यात प्रत्येक चौकट हे स्वतंत्र छायाचित्र असते, म्हणून दोन मिनिटांची क्लिपही भारी होते, पण चित्राचा दर्जा त्या मानाने चांगला राहतो. ‘डीव्ही’ असे दिसले तर ती मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेली फाइल आहे आणि तिचा एक तास सुमारे १३ जीबी जागा घेतो. जागेसाठी ती लगेच दाबून लहान करू नये. घरात यापेक्षा चांगला दर्जा असलेले त्या समारंभाचे दुसरे काही नसते, आणि दोन तासांचे लग्न आजच्या हार्ड डिस्कवर फारसे जड नाही.

एव्हीआय उघडते पण पुढे सरकवता येत नाही, किंवा ‘इंडेक्स’ तुटल्याचा संदेश येतो, असे झाल्यास व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट/कोडेक्स’ खाली ‘डॅमेज्ड ऑर इन्कम्प्लीट एव्हीआय फाइल’ हा पर्याय शोधून त्यात ‘ऑलवेज फिक्स’ निवडावे. मूळ फाइलला हात न लावता व्हीएलसी अनुक्रमणिका पुन्हा बांधून घेतो. चित्र हिरवे किंवा विस्कटलेले दिसत असेल तर त्याच पानावर ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग’ बंद करून पाहावे.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात सांगता येते. जुन्या फोनवरच्या थ्रीजीपी क्लिपांत बहुधा १७६ बाय १४४ ठिपक्यांचे चित्र आणि एएमआर हा आवाजाचा कोडेक असतो. विंडोजच्या प्लेअरमध्ये चित्र दिसून आवाज येत नसेल तर तो एएमआरमुळे. हा कोडेक फोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेला असून सेकंदाला ८,००० नमुनेच घेतो, म्हणून सनई त्यात घोगरी ऐकू येते. त्यावर प्लेअर बदलून उपाय होत नाही. आरएम, आरएमव्हीबी आणि एफएलव्ही फायली व्हीएलसीत सरळ चालतात. फ्लॅश प्लेअर २०२० अखेर बंद झाला तरी एफएलव्हीवर त्याचा परिणाम नाही. एसडब्ल्यूएफ हा मात्र व्हिडिओ नसून चालता कार्यक्रम असतो आणि त्यासाठी ‘रफल’ हे वेगळे साधन लागते. परवान्याचे कुलूप घातलेली डब्ल्यूएमव्ही फाइल कोणत्याच नव्या प्लेअरमध्ये उघडत नाही.

चित्र नीट दिसण्यासाठी

भारतातल्या व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. ते आजच्या रुंद पडद्यावर पूर्ण ताणले की अस्पष्ट आणि चौकोनी दिसणारच. खिडकी दुप्पट आकाराची ठेवून थोडे दूर बसून पाहिले तर ते कितीतरी सुसह्य होते. माणसे आडवी पसरलेली दिसत असतील तर व्हीएलसीत ‘ए’ ही कळ दाबत जाऊन ४:३ हे गुणोत्तर निवडावे. डीव्ही आणि डीव्हीडीवरच्या चित्रात, विशेषतः वरात नाचत असताना, कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत टिपलेली असते, त्याचा हा परिणाम आहे. ‘डी’ ही कळ दाबली की ‘डिइंटरलेस’ सुरू होऊन त्या रेषा जातात. आवाज ओठांच्या पुढे-मागे होत असेल तर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी तो थोडाथोडा सरकवता येतो.

रूपांतर, तेही गरजेपुरते

फोनवर किंवा टीव्हीवर पाहण्यासाठी एमपी४ प्रत करायची असेल तर ‘हँडब्रेक’ हा मोफत प्रोग्रॅम वापरावा. त्यात फाइल, किंवा डीव्हीडी असल्यास तिचा अख्खा फोल्डर, उघडावा. ‘जनरल’ गटातील ‘फास्ट ५७६पी२५’ हा तयार संच निवडावा, कारण भारतातली पाल ही टीव्ही-चित्राची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची आहे. ‘व्हिडिओ’ पानावर ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ १८ ते २० च्या दरम्यान ठेवावी. आणि डीव्ही किंवा डीव्हीडी असेल तरच ‘फिल्टर्स’ पानावर ‘डिइंटरलेस’ चालू आहे की नाही ते पाहावे. चित्र मोठे करू नये. नसलेले तपशील त्यातून निर्माण होत नाहीत, फक्त फाइल फुगते. हँडब्रेकने एखादी डीएटी घेतली नाही तर व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट/सेव्ह’मधून एमपी४ करता येते.

रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसू नये. प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा जातो आणि तो परत येत नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी सगळ्या समारंभांच्या लहान फायली करून मूळ सीडी रद्दीत दिल्या गेल्या. आज त्या फायलींत आजीचा चेहरा ओळखण्यापुरताही स्पष्ट नाही. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही, तेव्हा तो रिकामा करून ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो पुन्हा दाबला जात नाही.

फाइल चालू लागली की ती घरातल्या थोरांबरोबर एकदा सावकाश पाहावी आणि शेजारी नोटपॅड उघडा ठेवावा. ‘१२ मिनिटे ४० सेकंद, मांडवात डावीकडे, नऊवारीत’ अशी वेळ लिहून तिच्यासमोर ते सांगतील ते नाव आणि नाते टिपत जावे, कारण ही ओळख कोणत्याही कोडेकमधून मिळणार नाही. ती नोंद व्हिडिओच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि जतन करताना ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ असल्याची खात्री करावी. ‘एएनएसआय’ निवडले तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.